पिठाचा कोंबडा आणि घोडखिंड

पन्हाळा ते विशाळगड हा मुलूख चार फूट बाय तीन फुटांच्या प्लायवूडवर बसवायचा, तर आधी काय गाळायचं ते ठरवावं लागतं. आम्ही बरंच गाळलं. मसाई पठार वीतभर उरलं, वाटेतल्या वाड्या गेल्या, पांढरपाण्याची नुसती खूण राहिली. घोडखिंड मात्र थोरल्या मुलीने हट्टाने मोठी ठेवली, कारण लढाई तिथे व्हायची होती. शिवाजीराजे पन्हाळ्याच्या वेढ्यातून निसटले ती 12 जुलै 1660 ची रात्र आणि 13 जुलैचा दिवस, एवढाच या पटाचा काळ.

दिवाळीचा किल्ला आमच्या अंगणात दरवर्षी होतो. विटा रचायच्या, गोणपाट टाकायचं, माती लिंपायची, वर हळीव पेरायचे. तो किल्ला बघण्यासाठी असतो. महाराज सिंहासनावर, मावळे बुरुजावर, पायथ्याशी एखादा वासुदेव नाहीतर बैलगाडी. त्यावर शत्रू नसतो. कुंभाराच्या दुकानात आदिलशाही शिपाई मागून पाहा, मिळत नाही. मुलांना या पावसाळ्यात हवा होता तो खेळायचा पट: दोन बाजू, फासे, आणि कोण जिंकणार ते आधी ठरलेलं नाही. असा पट मांडायचा तर घरातल्या कुणालातरी वेढा घालणारा सिद्दी जौहर व्हावं लागतं, कुणालातरी पाठलाग करणारा सिद्दी मसूद. आणि सोंगट्या पडायला लागतात, म्हणजे खेळात का होईना, माणसं मरायला लागतात.

आम्ही जयसिंगपूरचे दिगंबर जैन. सूर्यास्ताआधी जेवणाऱ्या, पाणी गाळून घेणाऱ्या घरात लढाईचा पट मांडणं योग्य आहे का, हा प्रश्न मला दुसऱ्या कुणी घालण्याआधी मीच स्वतःला घातला होता. ‘खेळच तर आहे’ हे उत्तर मला पुरत नव्हतं. आमच्या परंपरेत ते उत्तर एका राजाने देऊन पाहिलंय.

पण आधी पट. फ्रिजच्या खोक्यातलं थर्माकोल माळ्यावर पडून होतं, ते थरांवर थर चिकटवून डोंगर उभे केले. थर्माकोल हॅक्सॉच्या पात्याने कापलं की दाणे सुटतात आणि हाताला, केसांना, भिंतीला चिकटून बसतात. कापायच्या आधी पातं ओलं केलं की जरा कमी उडतात. स्प्रेचा रंग त्यावर मारायचा नाही, त्यातल्या द्रावणाने थर्माकोल विरघळून खड्डे पडतात. आम्ही पाण्यातला रंगच वापरला, आणि त्याही आधी वर्तमानपत्राच्या पट्ट्या खळीत बुडवून दोन थर दिले. ते वाळल्यावर फेविकॉल फासून चाळलेली लाल माती भुरभुरली. पन्हाळ्याकडची माती जांभ्याची, तिचा रंग डबीतल्या रंगाने येत नाही म्हणून मुलांनी ती तिकडून येताना पिशवीतून आणली होती. जंगलाची जमीन म्हणजे वाळवलेली चहाची पूड, झाडं म्हणजे भांडी घासायच्या हिरव्या स्क्रबरचे तुकडे काटक्यांवर खोवलेले. कासारी नदी त्याच भागात उगम पावते, तिच्यासाठी निळसर रंगावर फेविकॉलचे थर वाळवत गेलो, म्हणजे वर काचेसारखी चकाकी येते.

खिंड धाकट्याने केली. दोन कड्यांमधली फट किती ठेवायची यावर भावाबहिणीत बराच वाद झाला. शेवटी त्याने स्वतःची दोन बोटं जोडून फटीत घातली आणि एवढीच म्हणून सांगितलं. त्या दोन बोटांच्या रुंदीत दोनच सोंगट्या शेजारी शेजारी उभ्या राहतात. मागे शंभर असोत की हजार, एका वेळी लढणार दोन. बाजीप्रभूंनी ती जागा का निवडली हे सातवीच्या मुलीला पुस्तकातून कळलं होतं. आठ वर्षांच्या मुलाला ते बोटांनी कळलं.

आता सोंगट्या. कुंभाराचे मावळे वीतभर उंच, ते या पटावर राक्षस दिसले असते. म्हणून मुलांनी कणीक घेतली, निम्मं मीठ घातलं, घट्ट मळली आणि बोटाच्या पेराएवढी माणसं वळायला घेतली. मावळ्यांच्या डोक्याला पागोट्याची गुंडाळी, मसूदच्या शिपायांना काडीचा भाला. एक ताट भरलं. त्या वेळी सासूबाई स्वयंपाकघरात आल्या.

“हे काय गं?”

“सैन्य. हे आपले, हे मसूदचे.”

“आणि यांचं काय करणार?”

“लढवणार. मरतील ते बाजूला काढणार.”

“कणकेचा माणूस करून मारायचा नसतो.”

“पण आजी, हे खोटे आहेत,” धाकटा म्हणाला.

“कोंबडापण खोटाच होता,” त्या म्हणाल्या, आणि ताटाशेजारी पाट ओढून बसल्या.

यशोधर राजाची ही गोष्ट दक्षिणेतल्या जैन घरांना हजार वर्षांहून जास्त काळ माहीत आहे. सोमदेवसूरींनी ती 959 मध्ये, राष्ट्रकूटांच्या काळात, ‘यशस्तिलकचंपू’त संस्कृतात लिहिली. पुष्पदंतांनी अपभ्रंशात लिहिली, जन्नाने 1209 मध्ये कन्नडमध्ये. गिरीश कर्नाडांनी तिच्यावरून नाटक केलं. उज्जयिनीच्या राजाला वाईट स्वप्न पडतं. अरिष्ट टळावं म्हणून आई सांगते, देवीला प्राण्यांचा बळी दे. राजा अहिंसा मानणारा, तो नाही म्हणतो. आई हटत नाही. शेवटी तडजोड निघते: पिठाचा कोंबडा करायचा, रंगवायचा आणि तोच कापायचा. आईचा शब्द राहतो, राजाचं व्रत राहतं, कुणाचा जीवही जात नाही. कोंबडा कापला जातो. त्यानंतर मायलेक विषाने मरतात आणि जन्मामागून जन्म पशुयोनीत भटकतात. मोर आणि कुत्रा होतात, मासा आणि मगर होतात, दर वेळी कुणाच्या तरी हातून मारले जातात. एका जन्मात तर ते खरोखरचे कोंबडेच होतात.

या गोष्टीतलं राणीचं प्रकरण सासूबाईंनी मुलांसमोर वगळलं, ते बरोबरच केलं. शेवट मात्र पुरता सांगितला. मायलेक शेवटी माणसाच्या जन्माला येतात, अभयरुची आणि अभयमती अशी जुळी भावंडं म्हणून. कोवळ्या वयातच दीक्षेच्या वाटेला लागलेल्या या दोघांना मारिदत्त राजाचे शिपाई बळी देण्यासाठी पकडून आणतात. तलवार उपसून उभ्या असलेल्या राजासमोर ही दोन मुलं आपल्या मागच्या जन्मांची कथा सांगतात, आणि राजा तलवार खाली ठेवतो. मी ही गोष्ट लहानपणापासून ऐकलेली, पण ती सांगणारी दोन मुलं आहेत आणि ऐकणारा हत्यार धरलेला मोठा माणूस आहे याकडे माझं लक्ष त्या दिवशी गेलं. समोर दोन मुलं पिठाच्या हातांनी बसली होती म्हणून असेल.

या गोष्टीला भाबडी म्हणून बाजूला सारता येत नाही. तिच्यामागे अहिंसेचा सगळा जैन विचार उभा आहे. उमास्वातींनी ‘तत्त्वार्थसूत्रा’त हिंसेची व्याख्या केली तेव्हा प्राण जाण्याच्याही आधी प्रमाद ठेवला. मनाची बेफिकिरी, राग-लोभाने भरलेलं असावधपण, त्याच्या जोडीने प्राण गेला तर ती हिंसा. अमृतचंद्राचार्य ‘पुरुषार्थसिद्ध्युपाया’त आणखी पुढे जातात: एखाद्याच्या हातून कुणी मरत नाही आणि तरी त्याला हिंसेचं फळ लागतं, दुसऱ्याच्या हातून जीव जातो आणि तरी लागत नाही. सोमदेवांनी यासाठी दोन माणसं दाखवली आहेत. जाळं टाकून बसलेला कोळी, दिवसभरात एकही मासा न मिळालेला, आणि नांगर धरलेला शेतकरी, ज्याच्या फाळाखाली किती जीव जातात त्याला गणती नाही. दोष कोळ्याकडे जास्त, कारण त्याचं मन दिवसभर मारण्यावर टपलेलं.

हे खरं मानलं, आणि मी मानते, तर ‘खोटे आहेत’ हा बचाव उरत नाही. पिठाच्या कोंबड्यावर सुरी चालवताना राजाच्या मनात कोंबडा होता, पीठ नव्हतं. पीठ होतं असं म्हटलं तर विधीलाच अर्थ राहत नाही. देवीला पीठ हवं असतं तर भाकरी वाहिली असती.

सासूबाईंनी यावर मार्ग सुचवला. माणसांची आकृती करूच नका, एका बाजूला चिंचोके घ्या, दुसऱ्या बाजूला कवड्या. चिंचोक्याला डोळे नाहीत, हात नाहीत, मारल्याचा भाव मनात येणार नाही. त्यांचा हेतू मला कळला आणि त्याबद्दल माझ्या मनात आदरही आहे. त्यांच्या माहेरी प्राण्याच्या आकाराचं बिस्कीटसुद्धा मुलांच्या हाती देत नसत. पण इथे मी त्यांच्याशी सहमत झाले नाही, आणि त्यांच्या या मार्गाला पहिला धक्का थोरलीने दिला.

ती रविवारी पाठशाळेला जाते. तिथे निक्षेप शिकवतात: नाम, स्थापना, द्रव्य, भाव. एखाद्या वस्तूवर ‘हा तोच’ असा भाव ठेवणं म्हणजे स्थापना. तिचे दोन प्रकार. आकार जुळत असेल, जसं मूर्तीत, तर तदाकार. जुळत नसेल तर अतदाकार, आणि त्याचं उदाहरण सगळ्या पाठशाळांमध्ये एकच देतात, बुद्धिबळातली सोंगटी. लाकडाच्या ठोकळ्याला आपण उंट म्हणतो, तो मेला म्हणतो. थोरली म्हणाली, “मग आजी, चिंचोकासुद्धा माणूसच झाला ना?” सासूबाईंनी थोडा वेळ घेतला आणि हो म्हणाल्या. पाठशाळेत त्याही तेच शिकल्या होत्या.

मला त्याहीपुढे जाऊन वाटतं की चिंचोका जास्त धोक्याचा. युद्धाचे आधुनिक खेळ जिथून सुरू झाले तिथे हेच दिसतं. 1812 च्या सुमारास राइसवित्झ नावाच्या प्रशियन सरदाराने राजा तिसरा फ्रीडरिश विल्यम याला एक मेज करून दिलं. त्यावर डोंगर, नद्या, रस्ते रंगवलेले चौकोनी तुकडे हवे तसे मांडता येत, आणि सैन्याच्या जागी पोर्सेलीनचे लहान ठोकळे. 1824 मध्ये त्याच्या मुलाने तो खेळ नकाशावर आणला आणि प्रशियाच्या लष्कराने तो अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी उचलला. ठोकळ्याला चेहरा नसतो. एक ठोकळा म्हणजे शेकडो माणसं, तो उचलून बाजूला ठेवताना हाताला काही जाणवत नाही. खोलीत बसून सैन्य हलवणाऱ्यांना हे न जाणवणं सोयीचंच होतं. प्रमाद म्हणतात तो हाच. माझ्या मुलांनी शिकायचं असेल तर चेहरा असलेल्या सोंगटीवर शिकावं, पडताना ती दिसावी.

सासूबाईंचा दुसरा आक्षेप मात्र मी तिथल्या तिथे मान्य केला. आषाढ लागलेला, चातुर्मासाचे दिवस. पावसाळी हवेत कणकेला कीड धरणार, मीठ कितीही घाला. मग त्या किडी कोण मारणार? खेळातल्या हिंसेची चर्चा करत बसायचं आणि खरे जीव ताटात वाढवून उन्हात टाकायचे, हे कुठल्याच हिशेबात बसत नाही. कणीक त्याच संध्याकाळी गाईला गेली. माणसं शाडूची झाली.

शाडूच्या माणसांसाठी नियम मुलांनी आजीबरोबर बसून केले, त्यात मी फारशी पडले नाही. सोंगटी पडली तर फेकायची नाही, मोडायची नाही, हाताने आडवी करायची आणि डाव संपेपर्यंत जिथल्या तिथे ठेवायची. याचा परिणाम त्यांच्याही आधी लक्षात आला नव्हता: खिंड पडलेल्यांनी भरत जाते, वाट आणखी अरुंद होते आणि नुसत्या बघण्याने कळतं की या जागेची काय किंमत मोजली जात आहे. दुसरा नियम, एक डाव झाला की बाजू बदलायची. मावळा कायम मावळा राहणार नाही.

या बदलण्याने काय होतं ते मी जवळून पाहिलं. सिद्दी जौहर म्हणजे पाठ्यपुस्तकातला एक अडथळा होता. थोरली त्याच्या बाजूने बसली तेव्हा तिला वेढा चालवावा लागला. मार्चपासून जुलैपर्यंत, भर पावसात, चिखलात, चौक्या ढिल्या न सोडता. राजापूरच्या इंग्रजांची तोफ मदतीला घेऊनही गड हाती लागत नाही. आणि शिवाजीराजे निसटल्यावर आदिलशहा संशय घेतो तो जौहरवरच, की तू फितूर झालास. “मग त्याने कुठे जायचं?” हा तिचा प्रश्न होता. तिची महाराजांवरची भक्ती यामुळे तसूभर कमी झालेली नाही. समोर उभा असलेलाही माणूस आहे हे तिला कळलं, एवढंच. आमच्या धर्माने गृहस्थाला विरोधी हिंसा पूर्ण सोडायला सांगितलेली नाही. चाल करून आलेल्याला अडवणं, आपल्या माणसांचं रक्षण करणं हे गृहस्थाला सुटत नाही. सोडायची ती संकल्पी हिंसा, मारायचं म्हणून मारणं. दोन्हींतला फरक शिकवायला घोडखिंडीइतकी चांगली लढाई मला दुसरी माहीत नाही. बाजीप्रभूंचं काम शत्रू संपवणं नव्हतं, वेळ काढणं होतं. गडावरून तोफांचे आवाज येईपर्यंत वाट अडवायची. आमच्या पटावरही सोंगट्या किती पाडल्या याला गुण नाहीत. राजांची सोंगटी वाटेत आडव्या आलेल्या सुर्वे-दळव्यांची फळी फोडून विशाळगडावर पोचली की डाव संपतो. ती पोचली आणि एकही माणूस पडला नाही, तर तो सगळ्यात उत्तम डाव.

तरीही धोका संपत नाही, आणि तो मी लपवणार नाही. ‘टाइम मशीन’चे लेखक एच. जी. वेल्स यांनी 1913 मध्ये ‘लिटल वॉर्स’ नावाचं पुस्तक लिहिलं. खेळण्यातले शिसाचे शिपाई, स्प्रिंगच्या तोफा, जमिनीवर मांडायची लढाई. युद्धाची खुमखुमी असलेल्यांनी ती अशी खेळून भागवावी, खरं युद्ध फार महाग पडतं, असं त्यांचं कळकळीचं म्हणणं होतं. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटलं. पटावरची लढाई खऱ्या लढाईची जागा घेईल ही आशा मला धरता येत नाही.

कारण आमच्याच पुराणात ही आशा एकदा करून पाहिलेली आहे. भरत आणि बाहुबली, ऋषभदेवांचे दोघे मुलगे, सैन्यं घेऊन समोरासमोर उभे राहिले. मंत्र्यांनी मध्ये पडून ठरवलं की सैनिकांचं रक्त कशाला, दोघांनीच लढावं, तेही शस्त्राशिवाय: दृष्टियुद्ध, जलयुद्ध, मल्लयुद्ध. जिनसेनांच्या ‘आदिपुराणा’त हे सविस्तर आहे. युद्धाचा खेळ करून टाकण्याचं याहून जुनं उदाहरण आपल्याकडे क्वचितच सापडेल. तिन्ही खेळ बाहुबली जिंकतो. कुस्तीत तो थोरल्या भावाला वर उचलतो आणि आपटत नाही. आणि हरलेला भरत रागाच्या भरात चक्र सोडतो. खेळात रक्ताचा थेंब सांडला नव्हता. हिंसा आली ती हरण्याच्या क्षणी, नियमांच्या बाहेरून. चक्र भावाला इजा न करता त्याच्याभोवती फिरून थांबलं, पण बाहुबलीने जे पाहायचं ते पाहिलं आणि राज्य सोडून तो वनात उभा राहिला. कुंभोजला आम्ही त्याच्या दर्शनाला जातो. श्रवणबेळगोळची मूर्ती दहाव्या शतकात चावुंडरायाने घडवून घेतली, आणि चावुंडराय गंग राजांचा सेनापती होता. ज्याचं आयुष्य लढायांत गेलं त्याला डोंगरावर उभा करायला हा जिंकून हात मागे घेणारा सापडला.

तेव्हा मी खेळ चालू असताना फाशांकडे बघत नाही, हरणाऱ्याच्या हातांकडे बघते. धाकटा मसूद होता, खिंडीत अडकला होता, आणि समोरून राजांची सोंगटी गडाच्या दिशेने सरकत होती. त्याची मूठ आवळली, खालचा ओठ दातात गेला. शाडूचा एक शिपाई त्याच्या मुठीत होता. त्या क्षणी चाललेलं खरं युद्ध ते, आणि ते सतराव्या शतकातलं नव्हतं. तो शिपाई त्याने मोडला नाही. खाली ठेवला, आडवा केला, आणि म्हणाला, आता माझी पाळी मावळ्यांची. पुढच्या वेळी कदाचित मोडेलही. मोडला तर त्याविषयी बोलायला आम्हाला काहीतरी खरं हाती लागेल, आणि त्यासाठी आठव्या वर्षाइतकं योग्य वय नाही.

एका सोंगटीचा नियम मात्र अजून ठरत नाही. परंपरा सांगते की राजांचा वेष घेऊन शिवा काशीद दुसऱ्या पालखीत बसला, पकडला गेला आणि मारला गेला. पटावर ती पालखी पुढे सरकवायची म्हणजे एका माणसाला जाणूनबुजून मरणाकडे पाठवायचं. मुलांच्या हे पहिल्याच डावात लक्षात आलं. थोरली म्हणते, तो स्वखुशीने गेला, म्हणून हलवायला हरकत नाही. धाकटा म्हणतो, खेळात त्याला कुणी विचारलंय? विरोधी, संकल्पी, यांपैकी कुठल्या खान्यात हे बसवायचं ते मलाही सांगता येईना. सासूबाईंनी असं सुचवलंय की ती सोंगटी राजांच्या बाजूने खेळणाऱ्याकडे द्यायचीच नाही. ती तिसऱ्याच्या हाती ठेवायची, आणि पालखीत बसायचं की नाही हे दर डावाला त्याने ठरवायचं. तो नाही म्हणाला तर राजांनी दुसरी वाट शोधायची. सध्या आम्ही तसंच खेळतो. काल तिसरी मी होते. मी नाही म्हणाले, आणि राजांची सोंगटी मसाई पठारावरच पकडली गेली. थोरली माझ्यावर अजून चिडलेली आहे.